एका शब्दाची धांव

इंग्रजी भाषेंत प्रवेश करणाऱ्या मुलाला जे पहिले शेंदोनशें शब्द शिकविले जातात, त्यांत ‘रन’ हा शब्द असतोच. तीन अक्षरांचें स्पेलिंग, सोपा उच्चार, आणि फळ्यावर त्याच्यापुढें लिहिलेला अर्थ एकच : पळणें. मीही गेलीं बावीस वर्षें तो असाच लिहीत आलों. मुलें तो वहींत उतरून घेत, मी खालीं सही करीत असें, आणि शब्द शिकून झाला असें आम्हां उभयतांस वाटे. तो शिकून झालेला नव्हता हें मला गेल्या डिसेंबरांत कळलें. आणि ज्या रीतीनें कळलें ती सांगितल्यावांचून पुढें जाणें मला बरें वाटत नाहीं.

आमच्या नवव्या इयत्तेंतील एका मुलीचे वडील सुतारकाम करितात. त्यांनीं रंधा मारण्याचें विजेचें यंत्र हप्त्यांनीं विकत घेतलें होतें. विकणाऱ्यानें दिलेला कागद इंग्रजींत होता, आणि घरांत इंग्रजी शिकणारी ती मुलगी एकटीच. तेव्हां कागद वाचून अर्थ सांगण्याचें काम अर्थातच तिच्याकडे आलें. त्यांत एक वाक्य असें होतें कीं, शिल्लक रकमेवर १ जुलैपासून व्याज ‘रन’ होईल. मुलीनें क्षणभर विचार केला आणि सांगितलें, “बाबा, १ जुलैपासून व्याज पळून जाणार आहे.” बापाला आनंद झाला. जून महिन्यांत दारें-खिडक्यांच्या एका मोठ्या कामाचे पैसे त्याच्या हातांत होते. सारी बाकी तेव्हांच फिटली असती. परंतु ज्या अर्थी जुलैपासून व्याजच उरणार नाहीं, त्या अर्थी घाई कशाला, असा हिशेब करून त्या माणसानें त्या पैशाचें सागवान घेतलें. डिसेंबरांत साऱ्या महिन्यांच्या व्याजासह मागणीचें पत्र आलें.

ते गृहस्थ शाळेंत आले तेव्हां रागावलेले नव्हते. त्यांनीं तो कागद आणि मुलीची वही माझ्या टेबलावर शेजारीं शेजारीं ठेविली आणि एवढेंच विचारलें, “सर, पोरीनें चुकीचें सांगितलें का?” वहींत ‘रन’ या शब्दापुढें तिच्या टपोऱ्या अक्षरांत ‘पळणें’ असें लिहिलेलें होतें, आणि त्याखालीं माझी तांबड्या शाईची सही होती. मुलीनें चुकीचें सांगितलें नव्हतें. मीं तिला जितकें शिकविलें होतें तितकें तिनें चोख सांगितलें होतें.

त्या वहींतील ती अपुरी ओळ पुरी करावी, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहिला आहे. तो विद्यार्थ्यांबरोबर पालकांनींही वाचावा अशी विनंति आहे. कारण घरोघर इंग्रजी कागद आतां मुलांकडूनच वाचून घेतले जातात.

प्रथम शब्दाचें मूळ पाहूं. जुन्या इंग्रजींत ‘रिन्नन’ असें एक क्रियापद होतें. त्याचीं भावंडें जर्मन भाषेंत आजही नांदत आहेत : ‘रेनेन’ म्हणजे धांवणें आणि ‘रिनेन’ म्हणजे वाहणें, झिरपणें. जर्मन लोकांनीं दोन कामांना दोन शब्द ठेविले. इंग्रजांनीं मात्र समुद्रापलीकडून आलेल्या नॉर्स लोकांच्या ‘रेना’ या शब्दाची भर घालून सारें काम एकाच शब्दावर सोंपविलें. म्हणून, पाणी वाहणें हा ‘रन’चा मागाहून चिकटलेला, कवींनीं वगैरे काढलेला अर्थ आहे असें कोणी समजूं नये. पळणें जितकें जुनें, तितकेंच वाहणेंही जुनें.

आणि याचें आपणांस नवल वाटण्याचें कारण नाहीं. आपल्या ‘धांवणें’ या क्रियापदाचा संस्कृत धातु ‘धाव्’. व्याकरणकारांनीं त्याचे दोन अर्थ दिले आहेत, गति आणि शुद्धि. सकाळीं उठून आपण दंतधावन करितों तें दांतांना पळविण्यासाठीं नव्हे, तर धुण्यासाठीं! पांचव्या इयत्तेंतील एका मुलानें ‘माझें नाक पळत आहे’ असें भाषांतर केलें होतें, तेव्हां सारा वर्ग हंसला. त्या वेळीं मला हें दंतधावन आठवलें असतें, तर हंसणाऱ्यांना मीं त्याचा अर्थ विचारला असता. इंग्रजींत सर्दी झाली म्हणजे नाक ‘रन’ होतें, मराठींत तें वाहतें. इंग्रजींत उघडा राहिलेला नळ ‘रन’ होतो, हलक्या कागदावर शाई ‘रन’ होते, आणि नव्या लुगड्याचा रंगही ‘रन’ होतो. मराठींत मात्र नळ वाहतो, शाई फुटते आणि रंग जातो. एका इंग्रजी शब्दाला येथें आपले तीन लागले. तेविसाव्या स्तोत्राच्या १६११ सालच्या इंग्रजी भाषांतरांत भरून वाहणाऱ्या प्याल्याला हेंच क्रियापद लावलेलें आहे. तें स्तोत्र ज्या मुलांना पाठ आहे त्यांनीं तेथें ‘पळणें’ घालून पाहावें, म्हणजे सुताराच्या मुलीची अडचण कळेल.

पाणी निदान हालतें तरी. परंतु जी वस्तु जागची हालत नाहीं तीही इंग्रजींत ‘रन’ होते. रस्ता डोंगरापर्यंत ‘रन’ होतो, कुंपण शेताच्या कडेनें ‘रन’ होतें. सह्याद्रीची रांग कोंकणच्या किनाऱ्याला समांतर उत्तर-दक्षिण ‘रन’ होते, असें इंग्रजी भूगोलाच्या पुस्तकांत सांपडेल. येथें पळणारा कोणी असेल तर तो पाहणाऱ्याची दृष्टि. ती रेषेबरोबर पुढें पुढें जाते. आपणही वाटसरूला ‘ही वाट कोठें जाते?’ असें विचारतोंच कीं! वाट तर तेथेंच पडलेली असते.

आतां यंत्रांकडे वळूं, कारण या शब्दाचें खरें भाग्य यंत्रांनीं उघडलें. वाफेचें इंजिन आलें, गिरण्या उभ्या राहिल्या, लोहमार्ग पडले. १६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, तेव्हां हिंदुस्थानांतही गाड्या ‘रन’ होऊं लागल्या. चाकांवरची गाडी पळते हें ठीक. पण पुढें जागच्या जागीं फिरणारें इंजिनही ‘रन’ होऊं लागलें, घड्याळही, शिवण्याचें यंत्रही. आज संगणकावरील प्रोग्रामही ‘रन’ होतो, ज्याला ना पाय ना चाक. मराठींत या सर्वांना एकच शब्द पुरतो : चालणें. आपलें यंत्र चालतें, इंग्रजांचें पळतें. यावरून दोन समाजांच्या घाईची तुलना करण्याचा मोह कोणाला होईल, पण भाषेवरून स्वभाव ठरविण्याच्या कामांत फारसा अर्थ नसतो. आपलें घड्याळही पुढें पळतें, मग आपण काय करणार?

यंत्र चालतें तसें तें कोणी तरी चालवितो. येथें ‘रन’ला कर्म मिळतें आणि शब्दाचा सारा नूर पालटतो. एखादी बाई खाणावळ ‘रन’ करिते, संस्था शाळा ‘रन’ करिते. म्हणजे चालविते, कारभार पाहते. पण डॉक्टर तपासण्या ‘रन’ करितो तेव्हां तो त्या करवून घेतो. आजारी मूल ‘टेम्परेचर रन’ करितें तेव्हां त्याला ताप असतो, तें तापाला चालवीत नसतें. आणि जो धोका ‘रन’ करितो तो धोका पत्करतो. एका पालकांना रुग्णालयाच्या कागदावरील ‘रन’ या शब्दावरून आपल्या आजारी मुलाला पळवून पाहणार आहेत असें वाटलें होतें. हें ऐकून हंसूं येतें खरें, परंतु तो मनुष्य त्या रात्रीं झोंपला नव्हता.

काळाच्या बाबतींत हा शब्द फार उपयोगी पडतो आणि फार फसवितोही. नाटक किती दिवस चाललें हें सांगतांना इंग्रज त्याचा ‘रन’ किती होता असें म्हणतो. आगाथा ख्रिस्ती या बाईंचें ‘माउसट्रॅप’ नांवाचें नाटक लंडनमध्यें २५ नोव्हेंबर १९५२ रोजीं सुरू झालें; तें महासाथीमुळें मार्च २०२० मध्यें नाटकगृहें बंद होईपर्यंत अखंड चालू होतें, आणि मे २०२१ मध्यें पुन्हा सुरू झालें. पळ काढणें ज्याला म्हणतात त्याच्या अगदीं उलट ही गोष्ट आहे. सदुसष्ट वर्षें जें नाटक थांबलें नाहीं, त्याचा ‘रन’ सर्वांत मोठा! त्याचप्रमाणें भाडेपट्ट्याला अजून दोन वर्षें ‘रन’ व्हावयाचीं आहेत, याचा अर्थ दोन वर्षें मुदत शिल्लक आहे. दावा लावण्याची मुदत अमुक दिवसापासून ‘रन’ होते, याचा अर्थ ती त्या दिवसापासून मोजूं लागावयाची. कायद्यांत कांहीं अटी जमिनीबरोबर ‘रन’ होतात असें म्हणतात. म्हणजे जमीन विकली तरी ती अट सुटत नाहीं, विकत घेणाऱ्याच्या गळ्यांत ती तशीच पडते.

सुताराच्या कागदांतील व्याज या कुळांतील. व्याज ‘रन’ होतें म्हणजे तें सुरू होतें, लागूं होतें, दिवसामागून दिवस चढत राहतें. नदी उगमापासून वाहूं लागते तसें व्याज त्या तारखेपासून वाहूं लागतें, असें समजलें तर चूक होणार नाहीं. पाहा, एकच शब्द. ‘पळून जाईल’ असें घेतलें तर व्याज संपतें, ‘वाहूं लागेल’ असें घेतलें तर व्याज जन्मास येतें. दोन्ही अर्थ एकाच मुळांतून निघाले, आणि एकमेकांच्या नेमके विरुद्ध जाऊन उभे राहिले.

पैशाचा व वाहण्याचा हा संबंध लॅटिनमध्येंही आहे. ‘कुर्रेरे’ म्हणजे पळणें. त्यापासून इंग्रजीचा ‘करंट’ निघाला, म्हणून नदीचा प्रवाह ‘करंट’, विजेचा प्रवाह ‘करंट’ आणि पेढींतील चालू खातेंही ‘करंट’. त्यापासूनच ‘करन्सी’, म्हणजे नाणें, चलन. आणि आपला चलन शब्द तरी कोणत्या धातूचा? ‘चल्’चाच. हातोहात फिरतो तो पैसा, ही कल्पना दोन दूरदूरच्या भाषांना वेगवेगळी सुचली.

पैशाची गोष्ट निघालीच आहे म्हणून सांगतों. एखाद्या बँकेवरचा विश्वास उडून सर्व ठेवीदार एकदम पैसे काढण्यास धांवतात, त्यालाही इंग्रजींत बँकेवरचा ‘रन’ म्हणतात. सप्टेंबर २००७ मध्यें इंग्लंडांत नॉर्दर्न रॉक बँकेवर असा प्रसंग आला. त्या वेळचीं छायाचित्रें प्रसिद्ध आहेत. त्यांत एकही मनुष्य पळतांना दिसत नाहीं. सारे शिस्तीनें रांगेंत उभे!

उभें राहण्यावरून आणखी एक मौज. निवडणुकींत अमेरिकेंतील उमेदवार ‘रन’ होतो, म्हणजे धांवतो. इंग्लंडांतील उमेदवार मात्र ‘स्टँड’ होतो, म्हणजे उभा राहतो. भाषा एक, काम एक, पण एक पळतो आणि दुसरा उभा राहतो. आपल्याकडे इंग्रजांचें राज्य होतें, अमेरिकनांचें नव्हतें. म्हणून आपला उमेदवारही निवडणुकीला ‘उभा राहतो’ आणि पडला तर ‘पडतो’. धांवता धांवता पडणाऱ्यापेक्षां उभ्याउभ्या पडणाऱ्याला कमी लागत असेल, असें मात्र अनुभवास येत नाहीं.

क्रिकेटचा उल्लेख मुद्दाम उशिरा करितों, कारण तो आधीं केला असता तर मुलांनीं पुढचें वाचलें नसतें. या खेळांत ‘रन’चें भाषांतर मराठीनें ‘धांव’ असें केलें आणि तें इतकें बेमालूम बसलें कीं, धांवा, धांवसंख्या, धांवबाद हे शब्द परके वाटतच नाहींत. २२ यार्डांच्या खेळपट्टीवर दोघे फलंदाज एकमेकांच्या जागीं गेले म्हणजे एक धांव. पण चेंडू सीमारेषेपार गेला म्हणजे चार अथवा सहा धांवा मिळतात आणि त्यांसाठीं कोणालाही धांवावें लागत नाहीं. म्हणजे येथेंही शब्दानें पाय सोडून दिले आणि तो नुसता आंकडा झाला. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी : ‘रन आउट’ म्हणजे मैदानावर धांवबाद, परंतु तेच दोन शब्द स्वयंपाकघरांत आले म्हणजे संपणें. घरांतील साखर ‘रन आउट’ झाली तर ती धांवबाद झाली असें कोणी लिहूं नये. लिहिलेलें मीं पाहिलें आहे.

या शेपटांनींच खरा घोंटाळा होतो. ‘रन’च्या मागें एक चिमुकला शब्द लागतो आणि अर्थ कोठल्या कोठें जातो. बाजारांत जुना मित्र अचानक भेटला, तर मी त्याच्यांत ‘रन इंटू’ झालों. गाडी झाडावर आदळली, तर तीही झाडांत ‘रन इंटू’ झाली. मोटारीनें कोणाला ‘रन ओव्हर’ केलें तर तो चाकाखालीं सांपडला. पण मास्तरांनीं धडा ‘रन ओव्हर’ केला तर त्यांनीं तो घाईनें उजळला, धडा सुखरूप आहे. दुकानांत उधारी ‘रन अप’ होते, म्हणजे वाढत जाते. ‘रन डाउन’ झालेला मनुष्य थकलेला असतो, ‘रन डाउन’ झालेलें घर मोडकळीस आलेलें असतें, आणि शेजाऱ्याला ‘रन डाउन’ करणारा त्याची निंदा करीत असतो. हीं जोडपीं नियमानें सांगतां येत नाहींत. ज्या वाक्यांत भेटतील त्या वाक्यासह ओळखीचीं करून घ्यावीं लागतात. मीं तरी दुसरा मार्ग पाहिलेला नाहीं.

मग असे अर्थ आहेत तरी किती? ऑक्सफर्डच्या थोर इंग्रजी कोशाचा पहिला भाग १८८४ मध्यें निघाला आणि तो पुरा होण्यास १९२८ साल उजाडलें. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तींत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती. त्याचे ४३० अर्थ दिले होते. पुढें नवी आवृत्ति तयार होऊं लागली, तेव्हां हा मान प्रथम ‘मेक’कडे, नंतर ‘पुट’कडे आणि २०११ मध्यें ‘रन’कडे गेला. क्रियापद या नात्यानें त्याचे ६४५ अर्थ भरले. पीटर गिलिव्हर नांवाचे कोशकार या एका शब्दावर नऊ महिने बसले होते. मीं फळ्यावर तो नऊ सेकंदांत लिहीत असें.

इतके अर्थ ऐकून कित्येक मुलांचें धैर्य खचतें. त्यांना मी सांगतों, इंग्रजी मुलानें मराठी शिकावयास घेतली तर तोही असाच घाबरेल. मोल्सवर्थ साहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्यें निघाला व त्याची दुसरी आवृत्ति १८५७ मध्यें मुंबईस छापली गेली. शाळेच्या ग्रंथालयांतून तो काढावा आणि त्यांत ‘लागणें’ हा शब्द पाहावा. नोंद वाचतां वाचतां दम लागेल! आणि पाहा, दमही लागतोच. भूक लागते, ठेच लागते, घराला आग लागते, मुलाला नोकरी लागते, दाराला कुलूप लागतें, आंबा गोड लागतो, वाटेंत गांव लागतें, हरवलेल्या वस्तूचा शोध लागतो, श्रावणांत पाऊस लागतो. तो तुझा कोण लागतो असें आपण विचारतों, तेव्हां कोणी कोणाला स्पर्श केलेला नसतो. ‘लागणें म्हणजे स्पर्श होणें’ एवढेंच वहींत लिहून घेतलेल्या परदेशी विद्यार्थ्याला ‘आजोबांचा डोळा लागला’ असें सांगून पाहा. तो बिचारा औषधाची बाटली घेऊन धांवत येईल, आणि आजोबा घोरत असतील.

तो परदेशी मनुष्य आणि आमची नववींतील मुलगी यांची चूक एकच आहे. आपण मराठींत चुकत नाहीं, तें आपण शहाणे म्हणून नव्हे. डोळा आणि लागणें हे शब्द आपण जन्मापासून जोडीनें ऐकलेले असतात म्हणून. इंग्रजींत ती जोडी आपणांस मुद्दाम पाहावी लागते. ‘रन’ दिसला कीं पहिल्यानें विचारावें, पळणारें कोण आहे? मनुष्य, घोडा, पाणी, रस्ता, यंत्र, मुदत, कीं पैसा? कर्ता कळला कीं सहाशेंपैकीं बहुतेक अर्थ आपोआप गळून पडतात. मग कर्म आहे कीं नाहीं, आणि मागें कोणतें शेंपूट आहे, तें पाहावें. सुताराच्या कागदांत कर्ता व्याज होता. व्याजाला पाय नसतात एवढें त्या मुलीला ठाऊक होतें; परंतु ‘हा अर्थ येथें बसत नाहीं’ असें म्हणण्याचें धैर्य तिला नव्हतें, कारण अर्थाखालीं मास्तरांची सही होती. पालकांस एवढेंच सुचवितों कीं, ज्या कागदांत पैसा, मुदत अथवा सही असेल, तो मुलानें वाचून दाखविल्यावर एकदां आम्हां शिक्षकांकडेही पाठवावा. आम्हीं कोश उघडून पाहूं. आम्हांलाही तें अवश्य आहे.

सुतारांनीं बाकी आणि व्याज तीन हप्त्यांत फेडलें. व्याजाचा आंकडा त्यांनीं मला सांगितला नाहीं, मुलीनें सांगितला. तेवढ्यांत तिच्या धाकट्या भावाचीं वर्षाचीं पुस्तकें आलीं असतीं. मीं तिची वही मागून घेतली आणि ती ओळ खोडूं लागलों, तेव्हां तिनें थांबविलें. “सर, पळणें चूक नाहीं ना?” ती म्हणाली. तिनें ‘पळणें’च्या पुढें एक स्वल्पविराम दिला, आणि आपल्या टपोऱ्या अक्षरांत लिहिलें : व्याज लागणें. त्यानंतर जसजसे अर्थ भेटतात तसतसे ती तेथें घालीत असते. परवां पाहिलें तेव्हां ती ओळ समासांत शिरून, पानाच्या कडेनें वळून, खालीं माझ्या सहीपर्यंत आली होती.